ठाणे अंमलदाराच्या टेबलावर: पोलिसांवरचा भरोसा कुठे बनतो, कुठे मोडतो

विहिरीवरची मोटार चोरीला गेली म्हणून शेतकरी तालुक्याच्या पोलीस ठाण्यात येतो. समोर तक्रारी नोंदवून घेणारा ठाणे अंमलदार, बाजूला संगणकावर एक जण, मागे वायरलेसची खरखर. पुढच्या दहा मिनिटांत चारपैकी एक गोष्ट होते. 'अर्ज ठेवून जा' म्हणतात. किंवा अदखलपात्र नोंद, म्हणजे एनसी करून प्रत देतात. किंवा वस्तू 'गहाळ' झाल्याचा दाखला देतात. किंवा गुन्हा दाखल करून एफआयआरची प्रत देतात.

बाहेरून चारही कागद सारखेच दिसतात, वजन मात्र वेगळे. आवक नंबर न पडलेला अर्ज नंतर कुणालाच सापडत नाही. एनसीवर न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. गहाळ दाखल्यात चोरच नसतो, मग शोधायचे कुणाला? तपास सुरू होतो तो चौथ्या कागदावर.

पोलीस सुधारणेची चर्चा बहुतेक वेळा आयोग, समित्या आणि नव्या गाड्यांपाशी फिरते. माणसाचा भरोसा मात्र या टेबलापाशी बसतो किंवा उडतो. प्रशिक्षण आणि जाब विचारण्याची व्यवस्था या टेबलापर्यंत पोचतात का, एवढाच प्रश्न इथे धरून बसू.

कागद का अडतो

चोरी हा दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्याचा तपास पोलीस न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय सुरू करू शकतात असा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने तेच पुढे चालवले, पण नव्या कायद्यांत दोन फटीही आल्या. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवस प्राथमिक चौकशी करता येते. आणि माल पाच हजारांपेक्षा कमी किमतीचा, चोर पहिल्यांदाच दोषी ठरणारा, अशा चोरीला समाजसेवेची शिक्षा ठेवून तो प्रकार अदखलपात्र केला आहे. म्हणून मोटारीची, केबलची, स्टार्टरची किंमत जबाबात किती लिहिली हे बघूनच सही करावी. पाच हजारांच्या आतला आकडा लिहिला की गुन्ह्याची एनसी करायला वाट मोकळी होते.

अंमलदार गुन्हा का टाळतो? आळस हे अर्धेच उत्तर. उरलेले अर्धे हिशेबात आहे. गुन्हा नोंदवला की तो ठाण्याच्या आकड्यात चढतो. महिन्याच्या गुन्हे आढावा बैठकीत 'मागच्या वर्षी चोऱ्या इतक्या, यंदा इतक्या कशा?' असा प्रश्न येतो. न नोंदवलेल्या चोरीचा जाब कुणी विचारत नाही. नोंदवणाऱ्याला बोलणी आणि टाळणाऱ्याला शाबासकी, असा उलटा न्याय असेल तिथे कितीही व्याख्याने द्या, टेबलावर फरक पडत नाही. नोंदवलेले गुन्हे वाढणे आणि गावात गुन्हे वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आढावा घेणाऱ्यांनी आधी मान्य करायला हवे. (पत्रकारांनीही. 'जिल्ह्यात गुन्हेगारीचा कहर' ही बातमी कित्येकदा प्रामाणिक नोंदणीची शिक्षा असते.)

गुन्हा घेतलाच नाही तर पायऱ्या अशा. लेखी तक्रार रजिस्टर पोस्टाने जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवा आणि पोस्टाची पावती जपून ठेवा. तिथेही काही झाले नाही तर याच संहितेच्या कलम १७५(३) खाली प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. न्यायदंडाधिकारी अधीक्षकांकडे केलेल्या अर्जाचा पुरावा मागतात. पावती हरवली की अर्ज तिथेच अडकतो. गुन्हा दाखल झाला तर एफआयआरची प्रत मोफत मिळते. त्याआधी जबाब वाचून दाखवणे बंधनकारक आहे. तांड्यावरची बाई गोरबोलीत सांगते, नांदेडच्या जुन्या वस्तीतला माणूस दखनीत सांगतो, आणि जबाब उतरतो तो ठरलेल्या साच्यातल्या मराठीत. तो वाचून दाखवला नाही तर दोन वर्षांनी कोर्टात 'मी असे म्हणालोच नव्हतो' हे वाक्य हमखास येते आणि खटला तिथेच ढिला पडतो.

भरोसा म्हणजे नेमके काय

अमेरिकन अभ्यासक टॉम टायलर यांचे म्हणणे सोपे आहे. लोक पोलिसांचे ऐकतात ते केवळ शिक्षेच्या धाकाने नाही. आपल्याशी वागण्याची पद्धत न्याय्य होती असे वाटले की ऐकतात. त्यात चार गोष्टी येतात: बोलू दिले का, सगळ्यांना एकच नियम लावला का, मान राखला का, आणि समोरच्याचा हेतू साफ वाटला का. मोटार सापडली नाही तरी चालते, पण 'तुझ्याच पोराने विकली असेल' हे ऐकायला कुणी ठाण्यात येत नाही.

यात पोलिसांचाही स्वार्थ आहे. पंचनाम्याला पंच लागतो, तपासाला खबऱ्या लागतो, खटल्याला साक्षीदार. ज्या गावात पोलीस म्हणजे कटकट, तिथे पंच म्हणून सहीला कुणी पुढे येत नाही. मग तेच ते ठरावीक पंच प्रत्येक पंचनाम्यावर दिसतात आणि बचावाचा वकील उलटतपासणीत त्यांच्या चिंध्या करतो.

मराठवाड्यात या नात्याला जुनी आठवण चिकटलेली आहे. 'पोलीस ॲक्शन' म्हटले की इथल्या म्हाताऱ्यांना सप्टेंबर १९४८ मधली निजामाच्या हैदराबादवरची लष्करी कारवाई आठवते, आणि कोणत्या वस्तीतला म्हातारा आहे त्यावर ती आठवण सुटकेची की भीतीची हे ठरते. पारधी पालांवर तर आठवण आणखी मागे जाते. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. तो शिक्का कागदावरून १९५२ मध्ये पुसला गेला, तरी शिवारात चोरी झाली की पहिली गाडी पालाकडे वळायची सवय गेली नाही. इथे प्रशिक्षणाचा अर्थ अगदी व्यवहारी आहे: संशय व्यक्तीवर घ्यायचा, त्याचे कारण डायरीत लिहायचे, आणि 'जात' हे कारण होऊ शकत नाही.

नऊ महिन्यांत काय शिकवतात

भरतीपासून बघू. शिपाई भरतीत ५० गुणांची शारीरिक चाचणी असते: पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. त्यानंतर १०० गुणांची लेखी परीक्षा, त्यात अंकगणित, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता आणि मराठी व्याकरण. चिडलेल्या माणसासमोर हा उमेदवार कसा वागेल, हे यातल्या कुठल्याच गुणात मोजले जात नाही. ते काम सगळे प्रशिक्षणावर पडते.

निवड झाली की सुमारे नऊ महिने प्रशिक्षण केंद्रात. मराठवाड्यात जालना आणि लातूरजवळच्या बाभळगावला अशी केंद्रे आहेत. फौजदार होणाऱ्यांचे प्रशिक्षण नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत होते. पहाटे कवायत, पीटी, शस्त्र, जमाव हाताळणे. दुपारी वर्गात कायदा. कवायतीत चूक लगेच दिसते आणि लगेच दुरुस्त होते. वर्गात कलमे पाठ होतात, पण 'गुन्हा घेणार की नाही?' म्हणून टेबलावर हात आपटणाऱ्या माणसाशी बोलण्याची कवायत क्वचितच होते.

ती करता येते, आणि स्वस्तात. सहा जणांचा गट करावा. एक तक्रारदार, एक ठाणे अंमलदार, उरलेले चार हातात यादी घेऊन बघणारे. वीस मिनिटांचा प्रसंग: दारू प्यालेला तक्रारदार, रडणारी सून, आमदाराच्या नावाने दम देणारा, मराठी नीट न येणारा मजूर. यादीत प्रश्न मोजकेच: बसायला सांगितले का, मध्ये न तोडता पहिली दोन मिनिटे ऐकले का, पुढे काय होणार ते सांगितले का, कागदाची प्रत दिली का. मग भूमिका बदलायच्या. अंमलदार झालेला शिपाई तक्रारदाराच्या खुर्चीत बसला की काय बोचते ते त्याला आपोआप कळते.

असल्या प्रशिक्षणाने फरक पडतो का? शिकागोत ८ हजार ४८० पोलिसांना टप्प्याटप्प्याने न्याय्य वागणुकीचे एक दिवसाचे प्रशिक्षण दिले गेले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पुढच्या दोन वर्षांत त्यांच्याविरुद्धच्या तक्रारी सुमारे १० टक्क्यांनी आणि बळाचा वापर ६.४ टक्क्यांनी घटला. आकडा लहान आहे, पण खर्चही एका दिवसाचा.

आपल्याला अधिक जवळचा प्रयोग राजस्थानचा. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी तिथल्या पोलिसांसोबत ११ जिल्ह्यांतल्या १६२ ठाण्यांवर वेगवेगळ्या सुधारणा लावून पाहिल्या: नोकरीतले प्रशिक्षण, बदल्यांवर काही काळ बंदी, साप्ताहिक सुटी, ड्युटीची पाळी, ठाण्यात गावातला निरीक्षक बसवणे. शिवाय संशोधकांचे लोक खोटे तक्रारदार बनून ठाण्यांत जायचे आणि तक्रार घेतात का हे बघायचे. प्रशिक्षण आणि बदलीबंदी उपयोगी ठरली. खोटे तक्रारदार येतात हे कळल्यावर कारभारही सुधारला, कारण समोरचा खरा की तपासणीचा हे सांगता येत नव्हते. साप्ताहिक सुटी, ड्युटीची पाळी आणि गावातला निरीक्षक मात्र ढेपाळले. या कल्पना वाईट नव्हत्या. ठाणेदाराने रोज सांभाळल्याशिवाय त्या टिकणाऱ्या नव्हत्या आणि त्या सांभाळल्या गेल्या नाहीत. मराठवाड्यात गणपती, मोर्चे, निवडणुका, यात्रा यांचे बंदोबस्त एकामागून एक लागतात आणि पहिला बळी साप्ताहिक सुटीचाच जातो. सोळा तास उभा राहिलेला शिपाई सतराव्या तासाला नम्र राहील, ही अपेक्षा प्रशिक्षणाकडून ठेवू नये.

बदल्यांचा धागा इथेच जोडायला हवा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमात २०१४ ची दुरुस्ती झाल्यापासून उपनिरीक्षक ते निरीक्षक यांचा एका ठाण्यातला सर्वसाधारण कार्यकाळ दोन वर्षांचा आहे. ही मुदत कागदावर न राहता पाळली गेली, तरच ठाणेदाराला गावे, वाड्या, जुने तंटे कळतात आणि आपल्या चुका आपल्यालाच निस्तराव्या लागतील याची जाणीव राहते.

शांतता समित्या आणि मोहल्ला बैठकांबद्दल एक थंड पाण्याचा शिडकावा. ब्राझील, कोलंबिया, लायबेरिया, पाकिस्तान, फिलिपिन्स आणि युगांडा या सहा देशांत लोकसहभागाच्या पोलिसिंगची एकत्रित चाचणी झाली. २०२१ मध्ये आलेला निकाल असा की ना भरोसा वाढला, ना गुन्हे घटले. बैठका झाल्या, पण अधिकारी बदलत राहिले आणि बैठकीत सांगितलेल्या तक्रारींवर पुढे काही करायला पोलिसांकडे ना माणसे होती, ना साधने. आपल्याकडेही समितीत तेच पाच-सहा पुढारी आणि तोच चहा असेल तर वेगळे काय होणार? उलट मध्य प्रदेशात १८० ठाण्यांच्या प्रयोगात काही ठाण्यांत महिला मदत कक्ष उघडले, तिथे महिलांच्या तक्रारी अधिक नोंदल्या गेल्या. कक्ष महिला पोलिसांकडे असेल तिथे एफआयआरही वाढले. तिथे ठाण्याच्या आतले रोजचे काम बदलले होते.

अटक: खरी कसोटी

कोठडीत कोण बघायला नसते, म्हणून कायद्याने तिथे कागद पेरून ठेवले आहेत. डी. के. बसू खटल्यात डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घातलेल्या ११ अटी आता बऱ्याच अंशी नागरिक सुरक्षा संहितेत आहेत. अटक करणाऱ्याच्या छातीवर स्पष्ट वाचता येणारे नाव हवे. अटक पंचनामा जागीच करायचा; त्यावर कुटुंबातल्या किंवा त्या भागातल्या एका प्रतिष्ठित माणसाची साक्ष आणि अटक झालेल्याची सही. कारण सांगायचे, नातेवाइकाला कळवायचे, डॉक्टरकडून तपासणी करायची, आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे करायचे. अपवाद आणि परवानगीशिवाय सूर्यास्त ते सूर्योदय महिलेला अटक नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक का गरजेची हे लेखी द्यावे लागते, नाहीतर नोटीस द्यायची. ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवली तर ती धरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले.

बिघडते ते बहुतेक अटकेच्या आधी. 'जरा चौकशीला चल' म्हणून माणूस ठाण्यात आणला जातो, स्टेशन डायरीत नोंद नसते, आणि २४ तासांचे घड्याळ सुरूच होत नाही. दोन दिवसांनी कागदावर अटक 'आज' होते. यावर इलाज एकच: ठाण्याच्या दारातून आत गेलेल्या प्रत्येकाची वेळ डायरीत आणि कॅमेऱ्यात, दोन्हीकडे. परमवीर सिंग सैनी खटल्यात डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात आवाजासह आणि रात्री दिसणारे कॅमेरे लावायला सांगितले. प्रवेशद्वार, लॉकअप, व्हरांडा, अधिकाऱ्यांच्या खोल्या, मागचे आवार, सगळीकडे. चित्रण १८ महिने, आणि तेवढी सोय नसेल तर निदान एक वर्ष ठेवायचे. व्यवहारात हार्ड डिस्क भरली की जुन्यावर नवे चढते, वीज गेली की यूपीएस नसतो, आणि नेमक्या त्या तारखेला 'तांत्रिक बिघाड' निघतो. म्हणून कॅमेरा बंद पडल्याची नोंद त्याच दिवशी डायरीत आणि या कॅमेऱ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या जिल्हा देखरेख समितीकडे गेली पाहिजे. प्रकरण तापल्यावर लिहिलेल्या बिघाडावर कोण विश्वास ठेवील?

मारहाणीचे एक तांत्रिक कारणही समजून घ्यावे. पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, पण त्या माहितीवरून वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. म्हणजे चोरीचा माल 'काढून देणे' हाच सोपा पुरावा ठरतो आणि दंडुक्याचा मोह तिथून येतो. बोटांचे ठसे, मोबाईल टॉवरच्या नोंदी, सीसीटीव्ही नीट जमवता येणाऱ्या तपासी अंमलदाराला तो मोह कमी होतो. तपासाचे तांत्रिक शिक्षण हेच मानवी हक्कांचे शिक्षण, असे म्हटले तर फार चुकणार नाही.

परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर हिंसाचार झाला, धरपकड झाली आणि अटकेतल्या एका कायद्याच्या विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. अशा मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याने करायची असते, पोलिसांनी नाही. ती झाली. पण गुन्हा नोंदवण्यासाठी कुटुंबाला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे जावे लागले. जुलै २०२५ मध्ये खंडपीठाने पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवायला सांगितले, आणि सर्वोच्च न्यायालयात तो आदेश टिकला. सात महिने लागले ते निव्वळ एफआयआरला. मोटारचोरीतला अडथळा आणि इथला अडथळा एकच आहे: पहिला कागद.

जमावाचेही तसेच. जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या उपोषणस्थळी १ सप्टेंबर २०२३ ला लाठीमार झाला, गृहमंत्र्यांनी माफी मागितली, जिल्ह्याच्या अधीक्षकांना सक्तीच्या रजेवर पाठवले गेले. अशा प्रसंगानंतर लोक विचारतात: आदेश कुणी दिला, किती वाजता, आधी ध्वनिक्षेपकावरून इशारा दिला का? ही उत्तरे त्याच संध्याकाळी, वेळेसकट, डायरीत हवीत.

जाब विचारायचा कुणी

'संबंधित कर्मचारी निलंबित' हे वाचून लोकांना वाटते शिक्षा झाली. निलंबन ही शिक्षा नाही. चौकशी होईपर्यंत दूर ठेवणे एवढाच त्याचा अर्थ. निर्वाह भत्ता चालू असतो. 'नियंत्रण कक्षाशी संलग्न' हे तर त्याहून हलके. खरी शिक्षा, म्हणजे वेतनवाढ रोखणे, पदावनती, बडतर्फी, ही विभागीय चौकशीनंतरच होते, आणि बातमी तिथपर्यंत क्वचित जाते. कोणत्या चौकशीत काय निष्पन्न झाले हे जिल्हा पोलिसांनी दर तीन महिन्यांनी, नावे न घेता का होईना, जाहीर केले तर निम्म्या अफवा आपोआप बसतील.

बाहेरचा जाब म्हणजे पोलीस तक्रार प्राधिकरण. प्रकाश सिंग खटल्यात २२ सप्टेंबर २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने सात निर्देश दिले. राज्य आणि जिल्हा पातळीवर असे प्राधिकरण हा त्यातलाच एक. महाराष्ट्राने २०१४ च्या कायद्यात जिल्ह्याऐवजी विभाग धरला. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, बेकायदा अटक, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन किंवा घर बळकावणे असे विषय त्याच्या कक्षेत येतात. पण विभाग म्हणजे मराठवाड्याचे आठही जिल्हे. नांदेड जिल्ह्याच्या टोकावरच्या किनवटच्या मजुराने तारखेला विभागाच्या ठिकाणी यायचे तर एक मुक्काम आणि दोन दिवसांची मजुरी गेली. प्राधिकरणाने महिन्यातून एकदा जिल्ह्याच्या ठिकाणी बसावे किंवा सुनावणी व्हिडिओवर घ्यावी. यासाठी कायदा बदलावा लागेल असे वाटत नाही. राज्य मानवी हक्क आयोगाचीही वाट आहे, मात्र घटनेपासून एक वर्षाच्या आत.

तक्रार कुणाविरुद्ध हेच माहीत नसेल तर सगळे फुकट. बीड जिल्हा पोलिसांनी २०२५ च्या सुरुवातीला नावाच्या पाट्यांवरून आडनाव काढून फक्त नाव ठेवले, म्हणजे जात आधी दिसू नये. मस्साजोगच्या सरपंचांच्या खुनानंतर जिल्ह्यात जातीवरून जी तेढ वाढली होती, ती पाहता पाऊल योग्य वाटते. फक्त एका ठाण्यात दोन गणेश असतील तर? बक्कल नंबर, म्हणजे पोलिसाचा ओळख क्रमांक, तितक्याच मोठ्या अक्षरांत लावावा. तक्रारदारानेही नावाच्या मागे लागण्यापेक्षा बक्कल नंबर, तारीख आणि वेळ टिपून ठेवावी. कॅमेऱ्याचे चित्रण मागायला तेवढे पुरते.

आणि एक गोष्ट फक्त इथलीच. बीड, धाराशिव, जालन्यातली हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. कारखान्यावर मारहाण झाली तर गावी येऊन शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो, हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. तसा परत पाठवला म्हणून पोलिसाविरुद्ध तक्रार झालीच, तर चौकशीची तारीख नेमकी जानेवारीत पडते, तक्रारदार फडावर असतो आणि 'तक्रारदार गैरहजर' म्हणून फाइल बंद होते. चौकशी अधिकाऱ्याने अशा तारखा अक्षय तृतीया ते दसरा या काळात लावाव्यात, आणि नोटीस मुकादमाच्या फोनवर पाठवू नये. ज्याच्याविरुद्धचा गुन्हा घेतला गेला नव्हता, तो कित्येकदा तोच मुकादम असतो.